सासरेबुवा रूट

माझे वडील ज्या दिवशी गेले, त्या दिवसावरून सायकलच्या एका रस्त्याला नाव पडलं आहे. शनिवार-रविवारी गाड्यांच्या टपावर सायकली बांधून मुंबई-ठाण्याहून जी माणसं आमच्या भागात येतात, ती त्याला ‘सासरेबुवा रूट’ म्हणतात. अष्टमीहून निघायचं, रुळांच्या कडेकडेने निडी, मग नागोठणं, तिथे हायवे ओलांडून आतल्या गावांमधून पेण आणि पेणच्या पुढे जोहे. कोणाचे सासरे, असं सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, आमच्या सरांचे. सर म्हणजे माझा नवरा.

मी मूळची जोह्याची. वडील पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल करायचे. भावाने पुढे गणपतीचा कारखाना टाकला, पण वडिलांनी शेवटपर्यंत मातीत हात घातला तो शेताच्याच. मला आठवीपासून पेणच्या शाळेत जायचं होतं आणि एसटी आली तर आली. वडिलांनी स्वतःची सायकल मला दिली आणि ते शेतावर चालत जायला लागले. दांड्याची, जड सायकल. सुरुवातीला दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारतच मी पेण गाठायचे. गावात दोन-चार जण हसले. वडील त्यांना म्हणाले, “हसा. ती शाळंत पोचते का नाय ते बघा.”

लग्न होऊन अष्टमीला आले. कुंडलिकेच्या त्या काठाला रोहा, ह्या काठाला आम्ही. सासरच्या लोकांची एकेकाळी पुष्कळ जमीन होती. माझ्या वेळेपर्यंत घरात जमिनीच्या गोष्टी आणि शिक्षकांच्या नोकऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. नवरा रोह्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचा. मला निडीच्या आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका गावातली प्राथमिक शाळा मिळाली. शाळेची वेळ आणि गाडीची वेळ कधी जुळलीच नाही, म्हणून मी पुन्हा सायकल घेतली. मुलांचे आईबाप ज्या रस्त्यांनी बाजाराला जायचे ते रस्ते त्यांनीच मला दाखवले. कुठला बांध पावसात खचतो, कुठल्या गावातून गेलं की हायवेवर यावं लागत नाही, कुठे पहाटे धुक्यात रूळ दिसत नाहीत, फक्त गाडीचा आवाज येतो. सुट्टीत माहेरी जायचं झालं की मी हेच रस्ते एकाला एक जोडत जोह्याला पोचायचे. कासूच्या आसपास दोन्ही बाजूंना वालाचे वेल आणि मधून अंगावर येणारी थंडी. तो तुकडा मला सगळ्यात आवडायचा. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पंचेचाळिशीत नवऱ्याला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तो चार दिवस चालला आणि कंटाळला. मीच म्हटलं, माझ्याबरोबर सायकलवर या. तो लहानपणी चालवायचा, पण सवय मोडलेली. पहिल्याच रविवारी निडीच्या अलीकडे म्हशीला चुकवताना सरळ शेतात उतरला, आणि उठून इतका हसला की म्हैसही थांबून बघत राहिली. ते दिवस चांगले होते. खोटं कशाला बोलू? मी पुढे, तो मागे. “अगं, हळू,” असं ओरडायचा. निडी स्टेशनजवळ चहा प्यायचो, तो बिनसाखरेचा पिताना तोंड वाकडं करायचा. माझे रस्ते त्याला एकेक करून कळत गेले.

मग तो दिवस आला. वडील बरेच दिवस अंथरुणाला होते. सकाळी भावाचा फोन आला, “बाबांचं काय खरं नाय गो. निघ.” नेमका वडखळजवळ टँकर उलटून हायवे बंद झाला होता आणि एसटी कुठे अडकून पडल्या होत्या कोणालाच सांगता येत नव्हतं. रेल्वे होती ती संध्याकाळची. नवऱ्याच्या कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. तो म्हणाला, “परीक्षा टाकून मला निघता येणार नाही. संध्याकाळच्या गाडीने दोघं जाऊ.” मी म्हटलं, तुम्ही या संध्याकाळी. आणि निघाले.

ऊन होतं. नागोठण्याला हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर खाली उतरून सावलीत बसलेले. मी त्यांच्या मधून पलीकडे गेले आणि आत शिरले. कुठे थांबले नाही. पेणमध्ये एकदा चेन पडली, ती बसवताना हात काळे झाले ते तसेच घेऊन घरी पोचले. भाऊ डॉक्टरांना आणायला गेला होता, तो त्याच गर्दीत अडकला. वहिनी चुलीपाशी होती. खोलीत आई आणि वडील. आईने त्यांच्या कानाशी सांगितलं, लेक आली. त्यांनी डोळे उघडले. माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, “सायकलवर आलीस? चाकात हवा हाय ना नीट? परत जायाचं हाय तुला.”

मी त्यांना चमच्याने पाणी पाजलं. दोन चमचे गिळले, तिसरा ओठांवरून खाली आला. नवरा संध्याकाळच्या गाडीने पोचला तेव्हा वडिलांना अंगणात आणलं होतं.

पुढच्या काही वर्षांत आमचे रस्ते बाहेरच्यांना सापडले. मुंबईत सायकलींचं वेड वाढलं आणि माणसं शहराच्या कडेला मोकळे रस्ते हुडकायला लागली. एका रविवारी निडीच्या चहाच्या टपरीवर हेल्मेटवाल्यांचा एक घोळका भेटला. रस्ता चुकले होते. त्या दिवशी मी घरी होते, सासूबाईंना बरं नव्हतं. नवऱ्याने त्यांना कासूपर्यंत नेलं. त्यांनी वालाची शेतं बघितली, फोटो काढले, आणि म्हणाले, सर, तुम्ही तर खजिना लपवून ठेवलाय. घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मग ती माणसं दर पंधरवड्याला यायला लागली. नवऱ्याने गिअरची सायकल घेतली. रस्त्यांना नावं पडली, अमुक लूप, तमुक लूप. आणि सगळे लूप आमच्या घरापाशी येऊन संपायला लागले, कारण तिथे ब्रेकफास्ट होता. मी पहाटे उठून पोहे भिजवायचे, पापड भाजायचे. थंडीत कोणालातरी पोपटी हवी असायची, मग मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून बसायचं. ती सगळी माणसं आमच्या ओटीवर बसून, मोजे काढून, “वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे!” म्हणायची. रविवारी मला सायकल काढायला वेळ उरला नाही. एकदा त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, “तुम्ही नाही का येत राइडला?” मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “तिला नाही आवड. शाळेपुरती चालवते.” माझ्या हातात त्या वेळी पोह्यांचा झारा होता. मी पोहे वाढले.

वडिलांची गोष्ट मी त्याच्या तोंडून ओटीवर पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यात ‘आम्ही’ होतं. आम्ही त्या दिवशी ह्याच रस्त्याने गेलो, हायवे बंद होता म्हणून. मला वाटलं, आदराने म्हणतोय, माझ्यासाठी म्हणतोय. राइड पुढे जोह्यापर्यंत जायला लागली. भावाच्या कारखान्यात रांगेने ठेवलेले पांढरे, रंग न दिलेले गणपती लोकांना फोटोसाठी फार आवडायचे. तिथून ते सगळे आमच्या माहेरच्या ओटीवर टेकायचे, आईच्या पाया पडायचे, आणि नवरा तिच्यासमोर तीच गोष्ट सांगायचा. मी तिथे नसायचे. मी अष्टमीत त्यांच्या परतीच्या जेवणाची तयारी करत असायचे. त्या ओटीवर ‘आम्ही’चं ‘मी’ कधी झालं ते मला कळलं ते थेट ठाण्यात.

ठाण्यात सायकलवाल्यांचा मेळावा होता. नवऱ्याला बोलायला बोलावलं होतं. वहिनींना नक्की आणा, असा निरोप होता. मला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर आमचे रस्ते मोठे होऊन दिसत होते. कासूच्या धुक्याचा फोटो मी काढलेला होता, माहेरी जाताना. त्यावर नवरा थांबला आणि आवाज खाली आणला.

“हा रस्ता मला कसा सापडला ते सांगतो,” तो म्हणाला. “माझे सासरे जोह्याला शेवटच्या घटका मोजत होते. हायवे बंद, गाडी नाही. मी कॉलेजातून तसाच सायकलवर निघालो. हात चेनच्या ग्रीसने काळे. मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, जावईबापू, चाकात हवा आहे ना? परत जायचंय तुम्हाला.”

लोक आधी हसले. मग शांत झाले. मग टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले आणि माझा हात दाबला. वडिलांनी त्याला आयुष्यात कधी जावईबापू म्हटलं नव्हतं. ते त्याला इतरांसारखं सरच म्हणायचे. त्याच कार्यक्रमात कोणीतरी उठून सुचवलं, ह्या रूटला सासऱ्यांचं नाव द्यायला हवं. तेव्हाच ते नाव ठरलं, माझ्यासमोर.

परतीच्या एसटीत पनवेल गेल्यावर मी विचारलं, “ते काय बोललात तुम्ही?”

“काय?”

“बाबांचं.”

“अगं, भाषणात थोडं इकडंतिकडं होतं.”

“तुम्ही नव्हतात तिथे. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने आलात. बाबांना अंगणात घेतलं होतं तोवर.”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मुद्दाम नाही गं केलं. बोलता बोलता आलं. आणि बायको एकटी सायकलवर निघाली असं सांगितलं असतं, तर लोकांनी मलाच विचारलं असतं ना, की तुम्ही कुठे होतात?”

“मग सांगायचं, परीक्षेला होतो.”

“एवढं काय त्यात?” आता त्याचा आवाज चढला. “नवरा-बायकोत तुझं-माझं असतं का?”

पेण स्टँडवर बस थांबली आणि मी उतरले. “अगं, कुठे?” असं तो दारापर्यंत आला. कंडक्टरने घंटी मारली, तो आतच राहिला. मी मिनिडोर रिक्षाने जोह्याला गेले.

आई ओटीवर बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. तिचं वय झालं होतं, नजर कमी झाली होती, पण हात चालायचे. माझा आवाज ओळखून म्हणाली, “एकटीच आलीस गो? जावय नाय आले?”

मी तिच्याशेजारी बसले आणि वाल सोलायला घेतले. जरा वेळाने विचारलं, “आये, बाबा गेले तेव्हा खोलीत कोण होतं गो?”

“मी व्हते,” ती म्हणाली. “आनि जावय व्हते. सायकल दामटवत आला बिचारा. त्यानंच पानी पाजलंन.”

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. “आये, मी आले होते सायकलवर. पाणी मी पाजलं. तू त्यांच्या कानाशी सांगितलंस ना, लेक आली म्हणून?”

तिने हातातला वाल तसाच धरला. आठवायचा प्रयत्न केला, तो मला तिच्या कपाळावर दिसत होता. मग मान हलवली. “तू मागनं आलीस ना? गाडीनं?”

भाऊ कारखान्यातून आला, कोपरापर्यंत पांढरा. मी त्यालाही विचारलं. तो अवघडला. “मी डॉक्टरांच्या मागं व्हतो गो. मी पोचलो तवा तुमी दोघं पन व्हतात. आधी कोन, मागनं कोन, आता कसं सांगू?” हात धुता धुता म्हणाला, “भावोजी तर किती वेळा सांगतात. आमाला तेच पाठ झालंय.” वहिनी चुलीपाशी होती, तिने मला आत येताना बघितलंच असणार. पण ती खाली बघत म्हणाली, “झालं ते झालं. जेवून घ्या आधी.”

मी रडले नाही. रडण्यासाठी कोणावर तरी पूर्ण राग असावा लागतो, आणि समोर बसलेल्या आईवर मी काय रागावणार? तिच्याकडे जे होतं ते तिने चोरलेलं नव्हतं. तिला ते कोणीतरी आणून दिलं होतं, दर खेपेला पाया पडून.

दोन दिवस राहून मी अष्टमीला परत आले. नवऱ्याने विषय काढला नाही. सासूबाई एव्हाना गेल्या होत्या, आमची मुलगी लग्न होऊन गेली होती, घरात आम्ही दोघंच. रविवारी राइड होती. नवरा राइडच्या माणसांना घ्यायला गेल्यावर मी पहाटे घराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, सायकल काढली आणि निडीच्या टपरीवर जाऊन बसले. ते सगळे आले. मला बघून एकजण म्हणाला, “अरे वा, वहिनी सायकलवर! मग आज ब्रेकफास्ट?”

नवरा पुढे आला. हळू आवाजात म्हणाला, “किल्ली कुठाय?”

“माझ्याकडे.”

“दे.”

मी चहा पीत राहिले. तो मागे वळून मोठ्याने हसत म्हणाला, “आज तुमच्या वहिनींचा संप आहे बरं का!” सगळे हसले. मीही त्यांना चांगली विनोदी वाटले असणार. ते वडापाव खायला पुढे गेले, आणि मी त्या सकाळी जोह्याच्या वाटेला लागले. कासूच्या अलीकडे एका मोरीवर पिवळ्या रंगाने बाण काढलेला होता आणि खाली लिहिलं होतं, सासरेबुवा रूट.

तिथल्याच शेतात वाल काढणाऱ्या एका बाईने मला ओळखलं. तिची मुलगी निडीकडे आजोळी राहून माझ्या शाळेत शिकली होती. ती म्हणाली, “बाई, तुमच्या सायबांची मानसं वालात उभी राहून फोटू काढतात. येल तुडवतात. आता तुमाला कसं बोलायचं?” इतकी वर्षं ह्या रस्त्यावर मी बाई होते. आता मी सायबांच्या माणसांतली होते. तिला काय सांगणार होते, की मीही त्यांनाच कंटाळले आहे? मी मान हलवली आणि पुढे गेले.

संपाचं फार काही झालं नाही. पुढच्या राइडपासून नवऱ्याने शेजारच्या एका बाईंना पोहे करायला सांगितलं. आमच्याच घरात, आमच्याच कढईत. मी रविवारी पहाटे निघायचे, तो नंतर निघायचा. घरात बोलणं होतं तेवढं राहिलं, गॅस संपला, वीज गेली, तुझ्या भावाचा फोन होता.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत तिला भेटायला येणाऱ्यांना ती बाबांच्या मरणाची गोष्ट सांगायची, जावयाच्या सायकलची. मी उशाशी बसलेली असायचे. मी तिचं बोलणं पुन्हा दुरुस्त केलं नाही. बाराव्याला नवरा ओटीवर पाव्हण्यांमध्ये बसून तिच्या प्रेमळपणाबद्दल बोलत होता आणि मी आत भांडी लावत होते.

आता रस्ताही गेला. नागोठणं ते निडी बराचसा सिमेंटचा झाला, त्यावरून डंपर जातात. कासूच्या बाजूला शेतांना तारा लागल्या, तारांच्या आत लोखंडी फाटकं, फाटकांवर बंगल्यांच्या जाहिराती. शहरातून सायकलवर येऊन ज्यांना ही जागा आवडली, त्यातल्याही काहींनी इथे प्लॉट घेतले असं ऐकते. ज्या बाईच्या वालाचे वेल तुडवले जात होते, तिच्या नवऱ्याने ते शेत विकलं. सायकलवाले आता दुसरीकडे जातात, म्हणे तिकडचे रस्ते अजून मोकळे आहेत. नवऱ्याला पहिल्या वर्षी दोन-तीनदा बोलावलं, मग विसरले. त्याची गिअरची सायकल जिन्याखाली असते. मोबाइलवर जुने फोटो बघत बसतो. साखर परत वाढली आहे.

मी निवृत्त झाले, तरी रविवारी जाते. सिमेंटवरून, डंपरच्या धुळीतून, जिथवर जमेल तिथवर. गेल्या महिन्यात मी सायकल बाहेर काढत असताना तो दारात आला. हातात हेल्मेट होतं.

“येऊ का गं बरोबर?” त्याने विचारलं. “पूर्वीसारखं.”

त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. एकटा पडला होता, ते मला दिसत होतं. मी चाक दाबून बघितलं, कुलूप काढलं.

“कशाला?” मी म्हटलं. “तुम्हाला रस्ता माहीत आहे की.”

तो हेल्मेट खुंटीला अडकवून आत गेला, आणि थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज आला. मी रोह्याच्या पुलाच्या उलट्या दिशेला, निडीकडे वळले. वाईट वाटलं का, असं नंतर मुलीने फोनवर विचारलं. मी तिला खरं सांगितलं. नाही वाटलं.